खोलीचा आवाज

गाडीचा कप्पा रिकामा करून ठेव, असं डगने फोनवर सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "जुन्या सीड्या असतील तर त्याही काढ गं मॉम. तशा कुणाच्या उपयोगाच्या नाहीत म्हणा. हल्लीच्या गाड्यांना ती फटच नसते." माझा मुलगा प्रेमळ आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझं गाडी चालवणं बंद केल्यापासून रोज न चुकता फोन करतो, आणि आज दुपारी तो गाडी विकायला घेऊन जायला येणार होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. ती फटच नसते. दाराला पत्रं टाकायची फट असते, ती कुणी आतून फळी ठोकून बंद करावी आणि आपल्याला ते सहज बोलता बोलता सांगावं, तसं काहीतरी वाटलं. मग मी घरातल्याच कपड्यांवर कोट चढवला, किल्ली घेतली आणि बाहेर आले. मार्च संपत आला तरी अंगणाच्या कडेला काळपट बर्फाचा ढीग तसाच होता. गाडीत बसताना मी सवयीने उजवीकडे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसले, माझ्या जागेवर. माझा नवरा कॅझ असताना मी तिथेच बसायची. तो गेल्यावर एवढी वर्षं मीच गाडी चालवली, पण आज चालवायची नाही म्हटल्यावर पाय आपोआप त्या बाजूला गेले. हात लांब करून किल्ली फिरवावी लागली. गरम हवा यायला लागली, तिच्याबरोबर धुळीचा आणि जुन्या मिंटच्या गोळ्यांचा वास. कप्प्यात हातमोजे होते, नकाशे होते, आणि त्यांच्याखाली ते पाकीट होतं. ते तिथे आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला ते कायम माहीत होतं. दात दुखत नसला तरी जिभेला तो कुठे आहे ते माहीत असतं, तसं.

पाकिटावर थियाचा फोटो आहे. गायिका थिया लॉकरिज, गिटार उजव्या खांद्यावर, केस पिकलेले. खाली छापलंय: अधिकृत ध्वनिमुद्रण. आत दोन डिस्क. दोन्ही कधी वाजल्या नाहीत. तो शब्द पाहून फ्लॉइड तेव्हा काय म्हणाला होता ते आठवून मला गाडीत एकटीला हसू आलं. फ्लॉइड आमचा ईरी गावचा मित्र, कॅझसारखाच टेपवाला. ते पाकीट डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला होता, "अधिकृत म्हणे. मग आपण तीस वर्षं काय चोऱ्या केल्या होय रे कॅझ?" आणि कॅझने त्याच्या त्या बसक्या आवाजात म्हटलं होतं, "केल्याच की. फक्त कुणाचं काही गेलं नाही."

टेपवाले म्हणजे काय ते आता कुणाला सांगावं लागतं. थियाची मंडळी जिथे जिथे गायची तिथे ही माणसं आपली यंत्रं घेऊन जायची. काठीला दोन मायक्रोफोन बांधायचे, काठी डोक्यांच्या वर उभी करायची आणि सगळा कार्यक्रम टेपवर घ्यायचा. थियाची परवानगी होती. अट एकच, की टेप विकायची नाही. कोरी टेप आणि परतीच्या टपालाची तिकिटं पाठवली की नक्कल करून द्यायची, बस. कॅझ पोलाद कारखान्यात पाळीवर जायचा आणि घरी आला की तळघरात बसून कुणा अनोळखी माणसासाठी नक्कल करायचा. कॅन्ससच्या कुणा शिक्षिकेसाठी, अलास्काच्या कुणा कोळ्यासाठी. त्याची पहिली काठी म्हणजे माझ्या झाडूचा दांडा होता. मी आठवडाभर खाली वाकून केर काढला. आणि त्या काठीखाली उभं राहायचं तर काही नियम होते. टाळी वाजवायची नाही. गायचं नाही. खोकला आला तर कोटाच्या बाहीत. सगळं सभागृह नाचत असायचं, आणि मधोमध पाचसहा माणसं जमिनीत गाडल्यासारखी उभी, यंत्रावरच्या लाल दिव्याकडे बघत. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं ही कुणाच्या मयताला आली आहेत की काय. कॅझ टेपला कान लावून म्हणायचा, "गाणं कुणीही घेईल गं बर्नी. खोली आली पाहिजे." खोली म्हणजे सभागृह. छत किती उंच, माणसं किती, बाहेर पाऊस आहे का, हे सगळं टेपमध्ये ऐकू आलं पाहिजे. एकदा तर त्याने दुसऱ्या कुणाची टेप ऐकून सांगितलं होतं की दार डावीकडे आहे आणि कुणीतरी ते सारखं उघडतंय.

पहिल्याच हिवाळ्यात मी काठीखाली चूक केली. आम्ही त्याच्या आईच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो, आई खाली. कार्यक्रमाला निघायच्या आधी मी सूप तापवलं होतं. थियाने 'धान्याची बोट' हे गाणं सुरू केलं. बर्फात अडकलेल्या जहाजाचं गाणं आहे ते, शेवटच्या कडव्याच्या आधी सगळी वाद्यं थांबतात आणि ती नुसता श्वास घेते. त्या शांततेत, त्या जहाजाच्या गारठ्यात, मला अचानक निळी ज्योत दिसली. खाली म्हातारी झोपलेली. आणि मी, अगदी घरात बोलावं तशी, बोलले, "कॅझ, आपण स्टोव्ह बंद केला ना?"

तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. त्याचा जबडा तेवढा हलला. घरी पोचल्यावर तो दोनदोन पायऱ्या चढत माझ्यापुढे वर गेला, आणि मी धापा टाकत पोचले तेव्हा तो कोटासकट स्वयंपाकघरात उभा होता, स्टोव्हकडे पाठ करून. सगळे खटके सरळ, बंद. खिडकी मात्र उघडी होती, जानेवारीत. आता तो सिगारेट ओढायचा, त्यासाठी उघडली असेल. किंवा गॅसचा वास घालवायला. मी विचारलं, "बंद होता का?" तो म्हणाला, "तुझा आवाज आलाय टेपवर." आणि झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं. तो हसला फक्त. राग गेला होता, पण उत्तर दिलं नाही. मग ते तसंच राहिलं. आधी त्याने सांगितलं नाही म्हणून मी विचारत राहिले, मग मी विचारते म्हणून तो सांगेना, आणि शेवटी तो आमच्या घरातला खेळच होऊन बसला. डग शाळेतून पहिलं बक्षीस घेऊन आला तेव्हा, सासू गेली त्या दिवशी, घराचं छत गळलं तेव्हा, मध्येच मी म्हणायची, "सांग ना रे, बंद होता का?" आणि तो मान हलवायचा. ना हो, ना नाही.

कुठलीच टेप पुसायची नाही असा टेपवाल्यांचा नियम होता. चूक असली तरी ती त्या दिवसाची चूक. त्यामुळे नकला होत गेल्या आणि मी देशभर गेले. पुढे कितीतरी वर्षांनी ॲक्रनमध्ये एका कार्यक्रमाबाहेर मी कॅझला हाक मारली तर एक दाढीवाला वळून बघायला लागला. "एक मिनिट. तुम्ही स्टोव्हवाल्या बाई ना?" मी म्हटलं, "असेन." तो आपल्या बायकोला ओरडून सांगायला लागला, "अगं इकडे ये, स्टोव्हवाली बाई भेटली." त्या बाईने माझे दोन्ही हात धरले आणि अगदी काळजीने विचारलं, "मग होता का हो बंद?" मी कॅझकडे बोट दाखवलं. तो यंत्र गुंडाळत होता. एकदा तर थियाच मंचावरून ते गाणं सुरू करायच्या आधी म्हणाली, "घरचा स्टोव्ह बघून आलात ना सगळे?" लोक हसले. मी लाजेने अर्धी झाले. कॅझ हसला नाही. काठीखाली होता ना.

म्हणजे असं झालं की माझा आवाज कॅन्ससला होता, अलास्काला होता. त्याचा कुठेच नव्हता. तळघरात भिंतभर टेपा होत्या, प्रत्येक टेपेत तो उभा होता, आणि एकीतही तो नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही. ते सुचायला घर रिकामं व्हावं लागलं.

मग ती मंडळी स्वतःच कार्यक्रम टिपून विकायला लागली. गायचे त्याच दिवशी, तिथेच, दारातल्या टेबलावर. पहिला भाग चालू असतानाच आत कुठेतरी यंत्रं दुसऱ्या यंत्रांना तो पाजत असायची, आणि गाणं संपवून लोक कोट चढवतात तोवर डिस्क तयार. पहिल्यांदा आम्ही ती घरी आणून ऐकली तेव्हा कॅझ यंत्राला कान लावून बसला. सगळं स्वच्छ होतं. थिया जणू आपल्या बैठकीत बसून गात होती. मी म्हटलं, "छान आहे की रे." तो म्हणाला, "छानच आहे. थेट तारेतून घेतलंय. मंचावरचे मायक्रोफोन, तेवढेच." थोड्या वेळाने म्हणाला, "खोली नाही त्यात." दुसऱ्या दिवशी त्याने काठी पुसून तळघरात ठेवली. तक्रार केली नाही. कारखाना बंद झाला तेव्हाही त्याने केली नव्हती. त्या वर्षी टेपवाल्यांच्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि कुणी भांडलं नाही.

घशाचं निघालं ते पुढच्या उन्हाळ्यात. डॉक्टर तरुण होती, सरळ बोलली. स्वरयंत्र काढावं लागेल. जगाल, पण बोलणं जाईल. कॅझने विचारलं, "कधी?" तिने गुरुवार सांगितला. तो म्हणाला, "रविवारी दुपारी थियाचा कार्यक्रम आहे. म्हणजे चालेल."

त्या रविवारी तो रिकाम्या हाताने आला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. खांद्याला पिशवी नाही, काठी नाही. आणि त्या हातांचं काय करायचं ते त्याला समजेना. आधी खिशात घातले. मग मांडीवर ठेवले. पहिलं गाणं संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मी म्हटलं, "वाजव ना, कुणी काही म्हणणार नाही." त्याने वाजवल्या. ठोक्यात नव्हत्या. मला इतकं वाईट वाटलं की मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला लागले. बाहेर ऊन होतं, दारं उघडझाप होत होती, माणसं बियरचे पेले घेऊन ये-जा करत होती. आमच्या मागे एक तरुण जोडपं सबंध वेळ घर घेण्याविषयी बोलत होतं, आणि कॅझ वळून त्यांच्याकडे बघून हसला. आधी असतं तर त्याने नजरेने जाळलं असतं.

शेवटी टाळ्यांवर टाळ्या झाल्या तेव्हा थिया परत मंचावर आली आणि तिने 'धान्याची बोट' घेतलं. कितीतरी वर्षं ती ते गात नव्हती. का घेतलं, देव जाणे. मला आठवतंय की मी त्याचा हात धरला होता आणि तो गरम होता. वाद्यं थांबली. तिने श्वास घेतला. आणि कॅझ उभा राहिला. गुडघा कटकन वाजला, तेसुद्धा मला ऐकू आलं. आणि त्या शांततेत तो ओरडला.

काय ओरडला? "बर्नी," हे नक्की. मग "स्टोव्ह." आणि मग "बंद", आणि पुढचा शब्द. पुढचा शब्द लोकांच्या हसण्यात गेला. आधी मागचे हसले, मग सगळे, टाळ्या, शिट्या. जुनी माणसं होती, त्यांना लगेच समजलं. बंद होता, म्हणाला? की बंद केला? आवाज आधीच चिरलेला, आणि मी खाली बघत होते. थियाने डोळ्यांवर हात धरून उजेडाच्या पलीकडे बघितलं आणि विचारलं, "ऐकलंस ना गं?" सगळं सभागृह माझ्यासाठी थांबलं. मी म्हटलं, "हो." सगळ्यांच्या समोर दुसरं काय म्हणणार. तिने मान डोलावली आणि शेवटचं कडवं घेतलं.

बाहेर रांग होती. टेबलामागे निळी नखं रंगवलेली एक मुलगी सारखी सांगत होती, "दुसरी डिस्क निघतेय, जरा थांबा, जरा थांबा." फ्लॉइड मागून आला आणि कॅझच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तीस वर्षं माणूस एक अक्षर बोलत नाही आणि बोलतो ते काय, तर घरगुती." मी कॅझची बाही ओढली. "काय म्हणालास रे तू? शेवटचं मला ऐकू नाही आलं."

"हो म्हणालीस ना तिला."

"म्हणाले. सांग आता."

तो हसला. डोळ्यांच्या कडेला हसायचा तो. "डिस्क घेतोय ना. त्यात ऐक."

मुलीने डिस्क माझ्या हातात ठेवली. ती गरम होती, भट्टीतून काढलेल्या पावासारखी. मी ती गालाला लावली आणि फ्लॉइड म्हणाला, "खाऊ नकोस हं." कॅझने ती पाकिटात घातली आणि गाडीच्या या कप्प्यात ठेवली.

गुरुवारी ते झालं. त्यानंतर दोन वर्षं तो होता. पाटीवर लिहायचा, पण लिहायलाही आळशी, बहुतेक भुवयांनीच बोलायचा. शुक्रवारी आम्ही दोघं मासे खायला जायचो आणि वाढणारी बाई मला विचारायची, "ह्यांना काय आणू?" जणू तो बहिरा आहे. डिस्क लावायचा विषय निघाला नाही. त्याच्यासमोर त्याचाच आवाज लावायचा हे मला करवेना. पाटीवर मी विचारू शकले असते, होता की केला. एक शब्दच तर लिहायचा. पण मला तो लिहिलेला नको होता. मला वाटायचं, तो कप्प्यात आहे. सुरक्षित आहे. ती एक जागा आहे जिथे तो बोलतोय.

तो गेल्यावर डग म्हणाला, डॅडचा आवाज कुठे असेल गं? आम्ही शोधलं. निरोप टिपून घेणाऱ्या फोनवर माझा आवाज होता. डगच्या वाढदिवसांच्या चित्रफिती होत्या, त्यात मी आहे, डग आहे, केक आहे. चित्र घेणारा कोण, तर कॅझ. एका फितीत तर मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "बोल ना काहीतरी," आणि कॅमेरा नुसता वरखाली हलतो, मान हलवल्यासारखा. डग रडला. मी त्याला डिस्कचं सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती भीती मला कॅझनेच शिकवली होती. थेट तारेतून घेतलंय. खोली नाही त्यात. पण फ्लॉइड एकदा म्हणाला होता की कधीकधी ते लोक छताला दोन मायक्रोफोन टांगतात, टाळ्यांसाठी. कधीकधी. त्या एका शब्दावर मी सोळा वर्षं काढली. न लावलेल्या डिस्कमध्ये तो असू शकत होता.

आणि आता फट जाणार होती.

मी दुसरी डिस्क काढली. ती थंडगार होती, कडेला बोट लावलं तर कापेल अशी. यंत्राने ती माझ्या हातातून ओढून घेतली, लहान मूल खाऊ ओढून घेतं तशी. आधी दुसरीच गाणी लागली, ती मी ऐकली नाहीत, बटण दाबत गेले. मग ते आलं. गिटार, मग तिचा आवाज, इतका जवळून की तिच्या जिभेचा ओलेपणा ऐकू यावा. पहिलं कडवं. दुसरं. त्या दिवशी त्या दुसऱ्या कडव्यात मागचं जोडपं बोलत होतं, स्वयंपाकघर पूर्वेला आहे म्हणून. इथे ते नव्हतं. दारं नव्हती. पेले नव्हते. गारठलेलं जहाज तेवढं होतं आणि भोवती काहीही नाही. मी हात हीटरसमोर धरून बसले. वाद्यं थांबली. तिने श्वास घेतला.

मग काही नाही.

मी आवाज वाढवला. वाढवत गेले, शेवटपर्यंत. गाडीचं इंजिन ऐकू येत होतं, माझ्या कोटाची बाही दाराला घासल्याचा आवाज ऐकू येत होता. डिस्कमध्ये काही नव्हतं. अगदी दूर, तिच्या तोंडासमोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेलं, भिंतीपलीकडे पाणी पडावं तसं काहीतरी सळसळलं. ते हसणं असेल. तेवढी माणसं, आणि तेवढंच. त्यात कॅझ नव्हता. आणि मग एकदम माझ्या कानाशी, त्या वाढवलेल्या आवाजात, थिया म्हणाली, "ऐकलंस ना गं?"

मी दचकले. आणि ती थांबली. उत्तर मिळेपर्यंत माणूस थांबतं तशी ती थांबली. त्या थांबण्यात मी आहे. माझं 'हो' तिथे आहे, ऐकू येत नाही एवढंच. त्याच्या आधीच्या शांततेत तो आहे, आणि नंतरच्या शांततेत मी, आणि मध्ये तिचे ते तीन शब्द. आम्ही दोघं तिथे शेजारी शेजारी उभे आहोत, काठीखाली उभे राहायचो तसे, आवाज न करता. आणि तेव्हा मला त्याच्या डोळ्यांच्या कडेचं ते हसू दिसलं, रांगेतलं. डिस्कमध्ये ऐक. त्याला माहीत होतं. खोली येणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं सगळं टिपून ठेवलं, त्याने आपलं तेवढं एक वाक्य मुद्दाम अशा ठिकाणी ठेवलं जिथे ते राहणार नाही. फक्त मी तिथे होते. आणि मी खाली बघत होते.

तिने शेवटचं कडवं घेतलं. ते मी बंद केलं.

डगने काचेवर टकटक केली तेव्हा मी तशीच बसले होते. त्याने दार उघडलं. "मॉम, घरातल्या चपला घालून बसलीस इथे? काय ऐकत होतीस?"

"थिया."

"अजून लागते?" तो वाकून त्या फटीकडे बघायला लागला. "काढू का ती बाहेर?"

"राहू दे. आत ठेव."

"अगं, गाडीबरोबर जाईल ती."

"जाऊ दे. कुणीतरी ऐकेल. ते गाणं चांगलं आहे."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, हल्ली बघतो तसं, मी काही विसरायला लागले आहे का ते तपासत. मग मला हात देऊन उतरवलं आणि पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. "आत जा, थंडी आहे. मी गाडी देऊन आलो की दोघं जेवायला जाऊ." मी दारात उभी राहून गाडी मागे जाताना पाहिली, वळताना पाहिली. कोपऱ्यावर तिचे लाल दिवे लागले, मग गेले.

आत आले. कोट काढला नाही. स्वयंपाकघरात गेले आणि स्टोव्हसमोर उभी राहिले. हा काही तो स्टोव्ह नाही, मधे दोन बदलले. खटके सरळ होते. तरी मी चारही चुलींवर एकेक करून तळहात ठेवला. थंड होत्या.

"बंद आहे रे," मी म्हटलं. खोली मोठी नाही माझी. आवाज लगेच परत आला.